जुना इंग्रजी शब्द अडला तर काय करायचं

मागच्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरचे काका एक जुना स्टँप पेपर घेऊन आले. प्लास्टिकच्या पिशवीत, त्यात परत वर्तमानपत्रात गुंडाळलेला. घड्या पडल्या होत्या तिथे कागद इतका विरलेला की ट्यूबलाइटसमोर धरला तर पलीकडची खिडकी दिसत होती. त्यांच्या आजोबांच्या वेळचा, १९२६ सालचा, नारायण पेठेतल्या जागेचा कागद, सगळा इंग्रजीत. मी कागदपत्रांची भाषांतरं करते हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे असं काही निघालं की माझ्याकडे येतं. त्यात एक वाक्य होतं, "द लेसॉर डथ हियरबाय डिमाइज अनटू द लेसी ऑल दॅट मेसविज विथ द अपर्टेनन्सेस" आणि पुढे बरंच काही. मी उभ्या उभ्या वाचलं आणि सांगून मोकळी झाले की काका, यात कुणाच्या तरी मृत्यूचा उल्लेख दिसतोय. डिमाइज म्हणजे मृत्यू, पेपरात रोज वाचतो आपण. काका म्हणाले, "अगं पण आजोबा तर त्यानंतर वीसेक वर्षं होते, मग गेलं कोण?" आणि ते बिचारे दोन आठवडे माळ्यावरच्या ट्रंका उपसत बसले, तेव्हा घरात कोण वारलं होतं ते शोधत.

कोणीच वारलं नव्हतं. त्या काळच्या कायद्याच्या भाषेत डिमाइज म्हणजे भाडेपट्ट्याने देणं, लेसॉर म्हणजे तसं देणारा आणि लेसी म्हणजे घेणारा. चूक माझी होती आणि ती मला अजून लागून राहिलीये, कारण मेसविज हा शब्द मला येत नव्हता म्हणून मी तो शोधणार होते, पण डिमाइज येतो असं वाटलं म्हणून शोधलाच नाही. जुन्या इंग्रजीत फसवतात ते ओळखीचे शब्द. अनोळखी शब्द निदान थांबवतो तरी. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण पुण्यात घराघरात असे कागद आहेत, पणजोबांची पत्रं आहेत, जुन्या बाजारातून आणलेली पुस्तकं आहेत आणि मुलं कॉलेजात जुन्या कविता वाचून डोकं धरून बसतायत.

पहिलं काम म्हणजे शब्द एकटा उचलायचा नाही. मला लोक फोनवर विचारतात, "ताई, लेट म्हणजे काय हो?" आता काय सांगणार. पूर्ण वाक्य लिहून घ्या, शक्यतो आधीचं आणि नंतरचं वाक्यही, कागद कुठला (पत्र, करार, कविता, थडग्यावरचा लेख) ते लिहा आणि साल लिहा. साल नसेल तर अंदाजाने शतक तरी लिहा. शब्दाचा अर्थ काय हा प्रश्नच अर्धा आहे, पूर्ण प्रश्न असा की त्या साली, त्या माणसाने, त्या कागदावर लिहिला तेव्हा अर्थ काय होता.

लेटचंच घ्या. उशीरवाला नाही, एल ई टी वाला. आपल्याला माहीत असलेला अर्थ म्हणजे होऊ देणं. पण तुमचा पासपोर्ट उघडून राष्ट्रपतींच्या नावाने लिहिलेला मजकूर वाचा, त्यात धारकाला "विदाउट लेट ऑर हिंड्रन्स" जाऊ द्यावं असं आहे. इथे लेट म्हणजे अडथळा, बरोब्बर उलटा अर्थ! जुन्या इंग्रजीत हे दोन वेगवेगळे शब्द होते, उच्चार घासून घासून एकसारखे झाले, त्यातला अडवणं वाला मेला आणि फक्त असल्या ठरीव वाक्यात आणि टेनिसच्या सर्व्हिसमध्ये उरला. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकात एखादा म्हणाला की जो मला लेट करेल त्याला मी बघून घेईन, तर तो परवानगी देणाऱ्यावर चिडलेला नाहीये, अडवणाऱ्यावर चिडलाय.

असे ओळखीचे चेहरे किती तरी आहेत. नाइस हा लॅटिनमधल्या अडाणी या अर्थाच्या शब्दावरून आला, आधी मूर्ख, मग नखरेल, मग बारकाईचा, काटेकोर, आणि छान हा अर्थ अठराव्या शतकात येऊन चिकटला, त्यामुळे जुन्या पुस्तकात "नाइस डिस्टिंक्शन" दिसलं तर तो सूक्ष्म फरक, छान फरक नाही. सिली आधी सुखी, धन्य असा होता, मग भोळा, मग बिचारा, मग खुळा. क्विक म्हणजे जिवंत, म्हणून "द क्विक अँड द डेड" म्हणजे जिवंत आणि मृत. मीट म्हणजे कुठलंही अन्न, फक्त मटण नाही, म्हणून मिठाईला स्वीटमीट म्हणतात. १६११ च्या इंग्रजी बायबलात प्रिव्हेंट हा शब्द आधी पोचणं, पुढे जाणं या अर्थाने आलाय. आणि डीअर म्हणजे कुठलंही जनावर, नंतर आकसत आकसत हरणापुरता राहिला.

हे शेवटचं वाचून तुम्हाला काही आठवलं का? मृग! वेदात मृग म्हणजे कुठलाही रानटी पशू, मृगया म्हणजे शिकार मग ती कशाची का असेना, आणि नंतर मृग म्हणजे हरीण. डिट्टो तसाच प्रवास. आणि राग बघा, संस्कृतात रंग, आसक्ती, प्रेमसुद्धा, आणि मराठीत आलं की संताप. शिक्षा म्हणजे हिंदीत शिक्षण आणि आपल्याकडे छडी. हे आपल्याला घरचं असल्यामुळे विचित्र वाटत नाही, पण एखादा परका माणूस जुना संस्कृत श्लोक घेऊन आजच्या मराठीच्या जोरावर अर्थ लावायला बसला तर त्याचं जे होईल तेच आपलं जुन्या इंग्रजीत होतं. मी शिकवणीच्या मुलांना हे आधी सांगते, मग इंग्रजी शब्द.

दुसरं, शब्द नीट वाचलाय का ते बघा. हसू नका, निम्मा घोळ इथेच असतो. साधारण १८०० च्या आधीच्या छापील इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला आणि मधे येणारा एस हा लांबट छापायचे, तो हुबेहूब एफसारखा दिसतो. नीट बघितलं तर एफची आडवी रेघ दांड्याच्या दोन्ही बाजूंना जाते, त्या लांब एसला एक तर रेघ नसतेच किंवा फक्त डावीकडे बारीकसं टोक असतं. शब्दाच्या शेवटी मात्र साधाच एस. नेटवरच्या स्कॅन केलेल्या पुस्तकांत कॉम्प्युटरनेही तो एफ म्हणूनच वाचलेला असतो, त्यामुळे सेलचं फेल होतं, सेमचं फेम होतं, आणि मग माणूस डिक्शनरीत भलतेच शब्द शोधत बसतो. तसंच "यी ओल्ड" मधला वाय. तो मुळात वाय नाहीच, थ साठीचं जुनं अक्षर होतं, छपाईत त्याच्या जागी वाय बसला, म्हणजे ते सरळ "द ओल्ड" आहे.

हस्ताक्षरातल्या पत्रात संक्षेपांकडे लक्ष द्या. तारखेनंतर इन्स्ट. लिहिलं असेल तर इन्स्टंट, म्हणजे चालू महिना. अल्ट. म्हणजे अल्टिमो, मागचा महिना. प्रॉक्स. म्हणजे प्रॉक्सिमो, पुढचा. पाच मार्चच्या पत्रात "आपलं १२ अल्टिमोचं पत्र मिळालं" असेल तर ते बारा फेब्रुवारीचं पत्र, आणि हे ज्याला माहीत नाही तो घरच्या पत्रव्यवहाराचा क्रम लावायला बसला की सगळा गोंधळ होतो, कारण प्रत्येक उत्तर एकेक महिना इकडेतिकडे सरकतं. मी एका कुटुंबाची चाळीसेक पत्रं फक्त या तीन संक्षेपांवर लावून दिलीयेत.

आता व्याकरणाचे जुने शब्द, दाऊ, दी, डथ, हॅथ, व्हिदर, व्हेन्स वगैरे. यांना मुलं घाबरतात, पण मराठी माणसाला हे इंग्रजांपेक्षा सोपं जायला हवं, मनापासून सांगते. दाऊ म्हणजे तू आणि यी म्हणजे तुम्ही (हा यी वरच्या "यी ओल्ड"मधला नाही, याचा वाय खराच आहे). आजच्या इंग्रजीत यू ने दोन्ही गिळलं, आपल्याकडे दोन्ही शाबूत आहेत. म्हणून जुन्या नाटकात एखादं पात्र मधेच यू सोडून दाऊ वर आलं तर ते आपल्याकडे कोणी तुम्हीवरून तूवर आल्यासारखंच आहे, एक तर जवळीक वाढलीये नाहीतर भांडण पेटलंय, कुठलं ते प्रसंगावरून कळतं. क्रियापदं बघा, दाऊ गोएस्ट, दाऊ डस्ट, शेवटी स आहे, आणि आपलं तू जातोस, तू करतोस, तिथेही स. तिसऱ्या पुरुषात थ येतो, ही गोएथ, ही डथ, ही हॅथ. बास, एवढंच आहे ते.

आणि हे तर वहीत लिहूनच घ्या. इंग्रजीत ह, द, व्ह अशी तीन सुरुवातींची माळ आहे, आपल्याकडे इ, ति, कु. हिदर म्हणजे इकडे, दिदर म्हणजे तिकडे, व्हिदर म्हणजे कुणीकडे. हेन्स इथून, देन्स तिथून, व्हेन्स कुठून. आजच्या इंग्रजीने हिअर आणि देअरमध्ये सगळं कोंबलंय, इथे आणि इकडे यातला फरकच घालवला. रोमिओ आणि ज्युलिएटमधलं ते प्रसिद्ध "व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ" लोक अजून तू कुठे आहेस असं समजतात, पण व्हेअरफोर म्हणजे का, कशासाठी. ती विचारतेय तू रोमिओ का आहेस, त्या वैऱ्याच्या घरातलाच का आहेस. गॅलरीतून शोधाशोध चाललेली नाहीये.

काळाचे शब्दही असेच लावा. फोर्टनाइट म्हणजे चौदा रात्री, आपला पंधरवडा. सेनाइट म्हणजे सात रात्री, हा आता वापरातून गेला, पण आपल्या आठवड्यात आठ आहेत आणि त्यांच्यात सात, कारण आपण दोन्ही टोकांचे दिवस धरून मोजले आणि त्यांनी मधल्या रात्री मोजल्या. इंग्रजीत परवासाठी शब्द नाही म्हणतात, होता की, ओव्हरमॉरो, टाकून दिला त्यांनी. एर म्हणजे आधी, अनॉन म्हणजे लवकरच, योर म्हणजे पूर्वीचा काळ.

मग एक फार महत्त्वाची पायरी, जी बाहेरच्या कुठल्या गाइडमध्ये नसते. आपल्याकडच्या इंग्रजी कागदांतला शब्द अडला तर तो आधी मोठ्याने, आपल्या उच्चारात म्हणून बघा. इंग्रजांनी कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय. बंडोबस्ट, कचरी, श्रॉफ, डॉक, कॉस, पेटा हे बंदोबस्त, कचेरी, सराफ, डाक, कोस, पेठ आहेत, स्पेलिंगमध्ये अडकलात तर डिक्शनरीत जन्मात सापडणार नाहीत. पण इथेही फसगत होते. टोप दिसलं की आपल्याला डोक्यावरचा टोप किंवा बायकांचा गंगावनाचा टोप आठवतो, आणि इंग्रजांच्या लिखाणात "मँगो टोप" म्हणजे आमराई, तो तमिळमधून आलेला शब्द, त्यात छावण्या पडायच्या. ग्रॅम म्हणजे वजन नाही, हरभरा, घोड्यांचा चारा लिहिताना हमखास येतो, मूळ पोर्तुगीज. अशा शब्दांसाठी यूल आणि बर्नेल यांचं हॉब्सन-जॉब्सन बघा, १८८६ चं, सुधारलेली आवृत्ती १९०३ ची, नेटवर फुकट आहे आणि प्रत्येक शब्दाखाली तो कोणी कुठल्या साली कसा लिहिला त्याची उदाहरणं आहेत. त्या पुस्तकाचं नावच मोहरममधल्या "या हसन, या हुसेन" या आरोळीचं गोऱ्या शिपायांच्या तोंडी झालेलं रूप आहे, यावरून कान किती महत्त्वाचा ते कळेल.

उलटंही होतं. इंग्रजांनी टाकलेले शब्द आपण सांभाळलेत. गाडीची डिकी घ्या. मुळात घोडागाडीच्या मागची नोकराची बैठक, मग मोटारीच्या मागची उघडझाप होणारी सीट, ती सीट गेली आणि नाव आपल्याकडे सामानाच्या जागेला राहिलं. स्टेपनी तर एका रस्त्याचं नाव, वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमाराला जादाचं चाक बनवणारी कंपनी निघाली. आज लंडनच्या तरुण माणसाला स्टेपनी म्हणजे जादाचं चाक हे कळणार नाही, आपल्या नाना पेठेतल्या पंक्चरवाल्याला कळतं.

डिक्शनरीबद्दल आता. शाळेतली वीरकर किंवा फोनमधली डिक्शनरी आजच्या इंग्रजीसाठी उत्तम, पण तिला १९२६ चा किंवा १८४० चा शब्द विचारणं म्हणजे आजच्या रिक्षावाल्याला पेशवाईतला पत्ता विचारणं. नियम एकच ठेवा, शब्द ज्या काळातला त्या काळाच्या जवळची डिक्शनरी. अमेरिकन वेबस्टरची १८२८ ची आणि १९१३ ची, दोन्ही नेटवर फुकट मिळतात, एकोणिसाव्या शतकाच्या शब्दांना १९१३ ची मला सगळ्यात जास्त कामाला येते. त्याहून जुनं असेल तर सॅम्युअल जॉन्सनची १७५५ ची.

आणि मराठी माणसाच्या हातात एक असं हत्यार आहे जे बाकी कोणाकडे नाही, तरी वापरत कोणी नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश सगळ्यांना ऐकून माहीत असतो, १८३१ चा आणि वाढवलेला १८५७ चा. पण त्याचा जोडीदार आहे इंग्रजी-मराठी कोश, मोल्सवर्थने सुरू केलेला आणि थॉमस कॅन्डीने पूर्ण केलेला, १८४७ सालचा. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी शब्दाचा अर्थ तेव्हाच्याच माणसांनी तेव्हाच्याच मराठीत लिहून ठेवलाय! कॅन्डी आपल्या विश्रामबागवाड्यातल्या पाठशाळेचा प्रमुख होता, इथल्या शास्त्रीमंडळींमध्ये वावरलेला माणूस. त्या कोशाचं स्कॅन नेटवर आहे. अडचण एवढीच की कधीकधी इंग्रजी शब्द समजावा म्हणून दिलेला मराठी शब्दच आपल्याला समजत नाही, मग तो शब्द मोल्सवर्थमध्ये उलटा बघायचा, तो परत इंग्रजीत सांगतो, असं दोनदा इकडून तिकडे केलं की अर्थ पक्का होतो. मी हे रात्री जेवणं झाल्यावर करत बसते आणि कधी बारा वाजतात कळत नाही.

ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी म्हणजे सगळ्यांचा बाप. १८८४ पासून भागाभागाने निघत १९२८ ला पुरी झाली, १९८९ ची आवृत्ती वीस खंडांची. नेटवर पैसे पडतात, पण मोठ्या कॉलेजांच्या लायब्रऱ्यांत खंड असतात, विनंती केली तर बसून बघू देतात बरेच ठिकाणी. तिथे अर्थ कालक्रमाने दिलेत, सगळ्यात जुना पहिला, आणि प्रत्येकाखाली सालासकट वाक्यं. शब्दाच्या किंवा अर्थाच्या आधी कट्यारीसारखी खूण असेल तर तो वापरातून गेलेला. हे क्रमाचं नीट लक्षात ठेवा, कारण मेरियम-वेबस्टरमध्येही जुना अर्थ आधी येतो आणि मुलं पहिला अर्थ म्हणजे मुख्य अर्थ समजून तोच ठोकून देतात. विद्यार्थ्यांच्या डिक्शनऱ्यांत बहुतेक उलटं असतं, सगळ्यात चालू अर्थ पहिला. त्यामुळे डिक्शनरी उघडली की आधी प्रस्तावनेत क्रम कसा लावलाय ते बघा. आणि ऑब्सोलीट आणि आर्केइक हे एक नाहीत. मेरियम-वेबस्टरच्या हिशोबाने ऑब्सोलीट म्हणजे १७५५ नंतर वापरल्याचा पुरावाच नाही, आर्केइक म्हणजे त्यानंतरही अधूनमधून दिसतो.

अर्थ मिळाला की लगेच खूश व्हायचं नाही, तो वाक्यात घालून बघायचा. आमच्या डिमाइजचं बघा. लेसॉरने लेसीला मृत्यू? वाक्यच बसत नाही. मी तेव्हा हे केलं असतं तर काकांच्या ट्रंका वाचल्या असत्या. अनटू आहे म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे काहीतरी जातंय, डथ आहे म्हणजे कर्ता ते आत्ता करतोय, हियरबाय आहे म्हणजे या कागदानेच करतोय. शब्द न कळताही वाक्याचा सांगाडा सांगतो की हे देणं आहे. मग डिक्शनरीत बघितलं तर हेच निघालं, जुन्या फ्रेंचमधल्या सोडून देणं, हातातून जाऊ देणं या अर्थाच्या शब्दावरून मिळकत दुसऱ्याकडे देणं. राजा गेला की राज्य वारसाकडे जातं, त्या हस्तांतराला डिमाइज म्हणायचे, आणि त्यातून हळूहळू मृत्यू हा अर्थ आला. म्हणजे मी ज्याला मूळ अर्थ समजत होते तो नंतरचा निघाला.

अजून खात्री हवी असेल तर गुगल बुक्समध्ये शब्द टाकून साल बांधून घ्या, म्हणजे १९०० ते १९३० असं, आणि त्याच प्रकारच्या कागदात तो कसा वापरलाय त्याची चारपाच वाक्यं वाचा. तीन वाक्यांत एकच अर्थ बसला तर धरा.

मोजमापांचं एक सांगते, जमिनीच्या कागदात लागतं. चेन म्हणजे साखळी, ६६ फूट. पर्च किंवा रॉड किंवा पोल म्हणजे साडेसोळा फूट, तिन्ही एकच. फर्लांग म्हणजे नांगराच्या एका सरीची लांबी, २२० यार्ड. आणि आपला गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, अर्धी साखळी बाय अर्धी साखळी, १०८९ चौरस फूट, असे चाळीस झाले की एकर.

आता सोशल मीडियावर फिरणाऱ्या याद्या, "इंग्रजीतले विसरलेले पंचवीस सुंदर शब्द" वगैरे. आवडतात मलाही, पण सालासकट एक तरी वाक्य दाखवलेलं नसेल तर विश्वास ठेवू नका. मृद्गंधासाठी पेट्रिकोर हा शब्द लोक प्राचीन म्हणून पाठवतात, तो १९६४ साली दोन शास्त्रज्ञांनी घडवलेला आहे. ग्रीक तुकडे जोडले म्हणून शब्द ग्रीकांच्या काळचा होत नाही. आणि छापलंय म्हणजे खरंच असंही नाही. वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या डिक्शनरीत डॉर्ड नावाचा शब्द होता, अर्थ घनता. असा शब्दच नव्हता. डी हे अक्षर मोठं किंवा छोटं काढलं तरी घनतेचा संक्षेप, अशी "डी ऑर डी" लिहिलेली चिठ्ठी होती, ती कोणीतरी एक शब्द म्हणून वाचली. १९३९ मध्ये संपादकाच्या लक्षात आलं. फोनमधला चॅटबॉटही असाच ठामपणे सांगतो, त्याला म्हणा वाक्य दाखव, साल दाखव, आणि मग ते वाक्य स्वतः जाऊन बघा.

चिठ्ठीवरून आठवलं. एकदा शोधलेला शब्द चिठ्ठीवर लिहून ठेवा. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा जाड कागद, अप्पा बळवंत चौकात कापून मिळतो. वर शब्द, खाली पूर्ण वाक्य, कुठल्या कागदातलं, साल, आणि शेवटी अर्थ, पेन्सिलीने, कारण अर्थ बदलावा लागतो, वाक्य नाही. ऑक्सफर्डची डिक्शनरी अशाच चिठ्ठ्यांवर उभी राहिली, सामान्य वाचकांनी पोस्टाने पाठवलेल्या. आणि पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृतचा मोठा ऐतिहासिक कोश १९४८ पासून चालू आहे, त्याच्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तिथे खणांत लावून ठेवल्यात, पहिला खंड १९७६ ला आला आणि काम अजून अ मध्येच आहे. माझ्याकडे बिस्किटाच्या दोन डब्यांत मिळून सहाशेच्या आसपास आहेत, पण शब्द परत आला की अर्ध्या मिनिटात सापडतो.

काकांच्या कागदाचं राहिलं. मेसविज म्हणजे घर, त्याच्याभोवतीचं आवार, मागची छपरी, सगळं मिळून, ते १९१३ च्या वेबस्टरमध्ये लगेच मिळालं. अपर्टेनन्सेसला मात्र मराठी शब्द सुचेना, "संलग्न गोष्टी" लिहून बघितलं, कसंतरीच वाटलं. शेवटी काकांच्याच पिशवीत एक जुनं मराठी खरेदीखत होतं ते काढलं, आणि त्यात होतं, तदंगभूत वस्तूंसह, दरोबस्त. जागेच्या अंगाला जे जे आहे, झाडं, पाणी, जाण्यायेण्याची वाट, ते सगळं. म्हणून कायद्याचा इंग्रजी कागद असेल तर त्याच काळातला मराठी कागद शेजारी ठेवाच, अर्धे शब्द तिथे तयार मिळतात. चिठ्ठीवर शेवटी असं लिहिलं: लिहून देणार हे लिहून घेणार यांना सदर घर व आवार तदंगभूत वस्तूंसह दरोबस्त भाडेपट्ट्याने देत आहेत. काकांना खाली जाऊन वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, "म्हणजे मागची विहीर पण त्यातच आली का गं?" ती पुढच्या परिच्छेदात आहे, चतुःसीमेत, आणि तिथे एक शब्द घडीवर आल्याने निम्मा गेलाय, तो भिंग घेऊन उद्या सकाळच्या उजेडात बघायचाय.